लेकरांसह मरुभूमीत

(नांदगाव पेठ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अशी समजूत दिसली की, आम्ही किमान वेतन, कंत्राटी पद्धत, नाहीतर नव्या कामगार संहिता यांपैकी कशावर तरी बोलणार. ही समजूत साहजिक होती. तीस वर्षांत आम्ही दुसरे काही बोललोच नाही. पण या खेपेस आम्ही त्यांस कळविले की, आम्हांला प्रवासाची हकीकत सांगावयाची आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतील चार कामगार कुटुंबे लेकराबाळांसह भाड्याची गाडी करून राजस्थानच्या वाळवंटात जाऊन आली. आठ मोठी माणसे, सात मुले, असे पंधरा जीव, ड्रायव्हर सोळावा. त्या पंधरांत आम्ही, आमचे कुटुंब आणि आमची धाकटी मुलगी होती. संयोजकांपैकी एकाने विचारले, "पण यात युनियन कुठं येते जी?" आम्ही म्हटले, ते ऐकून झाल्यावर तुम्हीच सांगा.

पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यास आता दीडशे वर्षे उलटून गेली. त्या व्यासपीठावर पंडित बोलले. आमच्यासारख्या सातवी पास माणसास व्याख्याता म्हणून उभे करण्याचे धाडस आपल्या गावाने केले, याबद्दल आभार मानून आम्ही मूळ गोष्टीकडे वळतो.

पहिला प्रश्न सर्वांनी हाच विचारला की, वऱ्हाडचा माणूस वाळवंट पाहायला पैसे खर्चून कशाला जातो? मे महिन्यात अकोल्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्यास हा प्रश्न पडणे रास्त आहे. परंतु वाळवंटाशी आपली ओळख नवी नाही. दरवर्षी पावसाळा सरला की, कच्छ-काठेवाडकडचे रबारी लोक मेंढ्या, गाई आणि उंट घेऊन आपल्या शिवारात उतरतात. आपण सरसकट त्यांस काठेवाडी म्हणतो. उंटाच्या पाठीवर उलटी खाट बांधलेली, खाटेच्या पायांमध्ये भांडीकुंडी, गोधड्या, आणि त्या गोधड्यांत दोन-तीन लेकरे बसविलेली, हे दृश्य या सभेतल्या प्रत्येकाने महामार्गाच्या कडेला पाहिलेले आहे. २०२२ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या बाजूस अशा लोकांचे ५८ उंट पोलिसांनी अडवून ठेवले होते. पुढे न्यायालयाने ते परत देण्याचा हुकूम केला. तेव्हा युनियनच्या कचेरीत बातमी वाचताना एका कामगाराच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "ते लोक इकडं येतेत, तं आपण तिकडं कधी जातो?" प्रवासाची पहिली सूचना ती. ठराव मात्र दीड वर्षाने झाला.

दीड वर्ष कशाला लागले, हे सांगितले पाहिजे. पैसा हे कारण होते, पण ते दुसरे. पहिले कारण रजा. १९४८ च्या कारखाना कायद्याने असे ठरविले होते की, वर्षात २४० दिवस काम भरले की, पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे बारा दिवस, पगारी रजा मिळावी. २०२० च्या संहितेने २४० ची अट १८० वर आणली आणि ती संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. आमचा प्रवास जुन्या हिशेबातला. आमच्या चार कुटुंबांपैकी दोन घरचे कर्ते पुरुष कायम होते, एक कंत्राटी होता. कंत्राटी माणसाला दर काही महिन्यांनी एकदा तोडतात आणि आठ दिवसांनी नव्या नावाने घेतात. त्याचे २४० कधी भरतच नाहीत. कागदावर रजा सर्वांस आहे, हातात मोजक्यांस. त्या कंत्राटी गड्याने आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन दिवसांपेक्षा अधिक सुटी घेतली ती या प्रवासासाठी, आणि तीही बिनपगारी.

आपल्याकडे रविवारची सुटी आकाशातून पडली असे पुष्कळांस वाटते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांस संघटित केले, सह्या गोळा केल्या, सभा भरविल्या, तेव्हा कोठे १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जूनमध्ये कामगारांनी कारखाने धरून ठेवले आणि त्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळविली. त्याच साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही पगारी रजेचा करार केला. त्या वर्षी फ्रान्समधल्या कित्येक कामगारांनी समुद्र प्रथम पाहिला, असे आम्ही वाचले, आणि त्या वाक्यापाशी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. समुद्र त्यांच्याच देशात होता. आपल्या वसाहतीत सूत कातणाऱ्या, कापड विणणाऱ्या माणसाच्या मुलाने मेळघाट पाहिलेला नसतो, आणि मेळघाट येथून एका सकाळचा रस्ता आहे.

रस्ता आम्ही तोच धरला. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी, तेथून बऱ्हाणपुरावरून खंडवा, हा पहिला दिवस. मग इंदूर, रतलाम, मंदसौर. तिसरा मुक्काम उदयपूर, चौथा जोधपूर आणि पाचव्या दिवशी जैसलमेर. जाण्याचे अंतर तेराशे किलोमीटरांहून अधिक. धारणीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आम्हांला दोन कोरकू कुटुंबे दिसली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोर, हातात कोंबडी. वीटभट्टीवर निघाली होती. आमच्या गाडीतली मुले खिडकीतून हात हलवीत होती, त्यांच्या मुलांनीही हलविले. सहकुटुंब प्रवास म्हणाल तर तोही सहकुटुंब प्रवासच होता.

आता तयारीविषयी थोडे, कारण बायामाणसांनी यासंबंधी मुद्दाम विचारले आहे. वाळवंटात जावयाचे तर कार्तिक ते माघ. फलोदीस १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. त्या दिवसांत मुले घेऊन तिकडे जाणे हा प्रवास नव्हे, अघोरीपणा आहे. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे अंग लवकर तापते, आणि खेळात असले की त्यास तहान सांगावयाचे सुचत नाही. म्हणून आम्ही नियम केला की, मागितले न मागितले तरी दर अर्ध्या तासाने प्रत्येक मुलाने चार घोट प्यावयाचे. पाणी माणशी दररोज पाच लिटर धरले, सोळा माणसांचे दोन दिवसांचे मिळून १६० लिटर, कॅनमध्ये भरून सीटखाली. जोधपूर सोडल्यावर हे पाणी भरलेलेच ठेवावयाचे, वाटेत मिळेल या भरवशावर राहावयाचे नाही. बंद गाडीत मुलास पाच मिनिटेही एकटे सोडावयाचे नाही. अंधार पडल्यावर वाळवंटी रस्त्याने जावयाचे नाही, कारण डांबर रात्री ऊब धरून राहते आणि गाई, उंट त्यावर येऊन बसतात.

खिशात कांदा ठेवण्याची आपली वऱ्हाडी रीत आमच्या मंडळींनी सोडली नाही. आमचे मत विचाराल तर कांदा खिशापेक्षा भाकरीबरोबर पोटात अधिक कामाचा. खरे औषध साखर-मिठाचे पाणी: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज विरघळविलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि हजारोंचे प्राण वाचविले. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपले होते, म्हणून हे तोंडाने पाजले. गरिबाच्या घरात जे असते त्यातून निघालेले एवढे मोठे औषध आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

उदयपूर, जोधपूर यांचे वर्णन आम्ही करीत नाही. राजवाड्यांवर पुस्तके पुष्कळ आहेत. वाड्यांचे दगड वाहणाऱ्यांविषयी एखादे असले तर आम्हांस जरूर सांगावे. जोधपुराजवळ खेजडली गाव आहे. १७३० साली राजाची माणसे तेथे खेजडीची झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या मुली झाडांस मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. एकूण ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्यास आपण जिची पूजा करतो, त्या झाडाखाली मुलांना उभे करून ही गोष्ट सांगितली. पोरे गप्प झाली. मग एकाने विचारले, राजाला लाकूड कशाला पाहिजे होते? नव्या वाड्याच्या बांधकामाला चुना भाजण्यासाठी. हे उत्तर ऐकून त्याने खालून एक शेंग उचलली आणि खिशात टाकली.

जेवणाची पंचाईत होईल ही बायकांची भीती जोधपुरातच गेली. दाल-बाटी पुढे आली तेव्हा मुले ओरडली, "हे तं आपले रोडगे हायेत!" आणि खरोखरच गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली बाटी व आपला रोडगा ही सख्खी भावंडे आहेत.

पाचव्या दिवशी पोकरण मागे टाकून आम्ही जैसलमेरच्या रस्त्यास लागलो. हे तेच पोकरण, जेथे १९७४ आणि १९९८ साली अणुस्फोटाच्या चाचण्या झाल्या. तेथून पुढे लाठी गावाच्या अलीकडे उजव्या बाजूचे मागले चाक फुटले. ड्रायव्हरने गाडी नीट सावरली. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. मालकाने घासलेले चाक रंगवून बांधून दिले होते. ड्रायव्हर एका ट्रकला हात करून दोन्ही चाके घेऊन पोकरणला गेला आणि आम्ही पंधरा माणसे रस्त्याच्या कडेला राहिलो. सकाळचे अकरा वाजले होते. कार्तिक असला तरी सावली म्हणून काही नव्हती. गाडीच्या पोटाखाली हातभर, तीही सरकणारी.

आम्ही ठरविले की, गाडी सोडून कोणी कोठे जावयाचे नाही. वाळवंटात भटकलेला माणूस सापडत नाही, उभी गाडी दुरून दिसते. दोन गोधड्या आणि एक लुगडे गाडीस बांधून मंडप केला. पाणी होते, त्यामुळे भीती नव्हती, पण मुलांची चुळबुळ वाढली. तासाभराने शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. त्याने आमच्या कॅनकडे पाहिले, मुलांकडे पाहिले, आणि हाताने खूण करून दूरचा एक पांढरा गोल घुमट दाखविला. आमच्यापैकी दोघे त्याच्याबरोबर गेले. तो टांका होता.

टांका म्हणजे जमिनीत बांधलेले गोल टाके. त्याच्या भोवती अंगण असते, त्यास आगोर म्हणतात. आगोर चहूकडून टाक्याकडे उतरता केलेला. पावसाळ्यापूर्वी तो झाडून लोटून लख्ख करावयाचा, त्यावर जनावर चढू द्यावयाचे नाही, पायतण घालून जावयाचे नाही. पडेल तो थेंब वाहून टाक्यात. जैसलमेरात वर्षास सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. आपल्या अकोला-अमरावतीकडे त्याच्या चौपट होतो. त्या चौथाई पावसावर तेथील माणूस आठशे-नऊशे वर्षे शहर करून राहिला आहे. जैसलमेर वसले ११५६ साली.

म्हाताऱ्याने पाणी काढून दिले. पैसे पुढे केले तर त्याने हात जोडले. "पाणी विकत नाही," एवढेच तो म्हणाला, असे आम्हांस समजले. त्याची बोली पुरती कळत नव्हती.

अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' आणि 'राजस्थान की रजत बूँदें' ही दोन पुस्तके या पाण्यावर लिहिली आहेत. हिंदी सोपी आहे, युनियनच्या कपाटात दोन्ही आहेत, न्यावीत आणि परत आणावीत. त्यांत पाण्याच्या तीन जाती सांगितल्या आहेत. आकाशातून पडून वाहणारे ते पालर पाणी. खोल विहिरीतले ते पाताल पाणी, जे तिकडे बहुधा खारट असते. आणि या दोहोंच्या मधले रेजाणी पाणी. वाळूखाली काही ठिकाणी खडूसारख्या मऊ दगडाचा थर असतो. पावसाचा ओलावा त्या थरावर अडकून राहतो, खालच्या खाऱ्या पाण्यास मिळत नाही. तेथे माणूसभर रुंदीची अरुंद कुई खणतात आणि थेंबथेंब झिरपणारे ते गोड पाणी रोज थोडे काढतात. कुई खणणारा माणूस खाली वाकून छोट्या हत्याराने खणतो, वरची माणसे त्याच्यावर मूठमूठ वाळू टाकतात, की ती वाळू खालची गरम हवा वर काढील आणि गार हवा खाली जाईल. ज्याने ही युक्ती शोधली त्याचे नाव कोणत्याही दगडावर कोरलेले नाही.

हे वाचून दाखविताना आमच्यापैकी एका बाईने जे म्हटले ते महत्त्वाचे. तिचे माहेर दर्यापूरकडचे, पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्ट्यातले. ती म्हणाली, "पाताल पाणी खारं, हे आमाले कोणी सांगाले पायजे का? आमच्या हिरीत दुसरं हाय काय?" अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे, त्याने डाळ शिजत नाही, आणि ते शेतास सतत दिले तर जमीन चिबड होते. पाऊस मात्र चांगला पडतो आणि छपरावरून नालीत जातो. गाडीच्या मंडपाखाली बसून त्या बाईने आम्हां सर्वांस वाळवंटाची अशी फोड करून दिली. पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

साडेतीन वाजता ड्रायव्हर चाके घेऊन आला. दिवस मावळताना जैसलमेर दिसले. किल्ला पिवळ्या दगडाचा आहे आणि त्यात अजून माणसे राहतात, इतके सांगून आम्ही पुढे जातो.

सममधल्या वाळूच्या टेकड्यांची फार कीर्ती आहे. आम्हांस ती जत्रा वाटली. कर्णे, दिवे आणि फोटोवाले. मुलांस मात्र ती आवडली, आणि त्यांच्या आवडीस आम्ही नावे ठेवीत नाही. वाळूवरून घसरत येणे त्यांनी पन्नास वेळा केले असेल. तेथे उंटाची दोरी धरणारा मुलगा आमच्या मुलांच्याच वयाचा होता, दहा-अकराचा. आमच्या धाकटीने त्यास शाळा विचारली. तो म्हणाला, सकाळी जातो. २०१६ च्या दुरुस्तीने मुलाने शाळेव्यतिरिक्तच्या वेळात घरच्या धंद्यास हातभार लावण्यास मोकळीक ठेवली आहे, आणि उंट घरचाच होता. कायद्याची चौकट अशी त्या पोराच्या बरोबर मापाची. रात्री दहाला तो अजून दोरी धरून उभा होता. "सकाळी जातो" याचा अर्थ तुम्ही लावा.

उंटावरून आठवले. ऑस्ट्रेलिया खंडाच्या पोटातले वाळवंट पालथे घालण्यासाठी १८६० साली बर्क आणि विल्स यांची मोहीम निघाली, तेव्हा त्यांनी कराचीहून चोवीस उंट नेले होते आणि उंटांबरोबर उंटवाले. पुढे असे पुष्कळ गेले. सिंधी, बलुची, पंजाबी, पठाण. गोऱ्यांनी त्या सर्वांस अफगाण म्हटले. रेल्वेचे सामान, तारेचे खांब, पाण्याची पिंपे त्यांनी वाहिली. आणि आज ॲडलेडहून डार्विनला जी आगगाडी जाते, तिचे नाव त्यांच्यावरून 'घान' असे आहे. त्याच वाळवंटी मुलखात १९६६ च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिल नावाच्या गुरांच्या प्रचंड कुरणावर गुरिंजी जमातीचे दोनशेच्या सुमारास गुराखी, मोलकरणी, म्हातारी माणसे आणि लेकरे व्हिन्सेंट लिंगिआरी या गुराख्याच्या मागोमाग कामावरून उठून चालू लागली. मजुरी म्हणून त्यांस बहुतेक पीठ, चहा, साखर मिळे. त्यांनी पगार मागितला, आणि पुढे जमीनच मागितली, कारण जमीन त्यांच्या पूर्वजांची होती. संप नऊ वर्षे चालला. १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान व्हिटलम स्वतः आले आणि लिंगिआरीच्या मुठीत त्यांनी त्या जमिनीची माती ओतली. ही गोष्ट आम्ही जैसलमेरच्या धर्मशाळेत मुलांस सांगितली. बारा वर्षांच्या एका पोराने विचारले, "लेकरं नऊ वर्सं काय करत होती जी?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाढत होती, असे आम्ही म्हटले.

आता ड्रायव्हरची गोष्ट. युनियन येथे येते.

बेत असा होता की, जाताना पाच दिवस, मुक्काम दोन दिवस आणि येताना, वाटेत काही पाहावयाचे नसल्यामुळे, चार दिवस. पण जैसलमेरात एका सात वर्षांच्या मुलास ताप आला. डॉक्टरांनी एक दिवस हलवू नका म्हणून सांगितले. मुक्काम तीन दिवसांचा झाला. कायम कामगारांपैकी एकाची रजा आजारपणात आधीच खर्ची पडली होती; त्याचा आणि त्या कंत्राटी गड्याचा एकेक दिवस आता नव्याने बुडणार होता. त्याच संध्याकाळी गाडीच्या मालकाचा फोन आला: लग्नाची फेरी ठरली आहे, तिसऱ्या दिवशी गाडी अमरावतीत पाहिजे, रात्रीची चालवा. आणि आमच्यातल्या दोघांनी, जे दोघे आठ तासांच्या वर ओव्हरटाइमशिवाय मिनिटभर थांबत नाहीत, त्या दोघांनी म्हटले, "काय हरकत हाय? एक रात्र तं हाय. चहा पाजू त्याले."

श्रोतेहो, आम्ही पुष्कळ मालकांशी वाटाघाटी केल्या आहेत. पण त्या धर्मशाळेतल्या बैठकीइतकी अवघड वाटाघाट आम्हांस आठवत नाही. भाडे देणारा माणूस, मग तो स्वतः कितीही गरीब असो, भाडे देईपर्यंत कामगार असतो. दिल्यावर त्याच्या तोंडून मालकाचे शब्द येतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस ठरविले होते, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. हे आम्ही सांगितले. तेव्हा सर्वांत आधी विरोध कोणी केला असेल तर ड्रायव्हरने. तो म्हणाला, "भाऊ, तुमी कायदा सांगता. मालक दुसरा माणूस पाहीन. मले उद्या गाडी पायजे." त्यास महिन्याचा पगार नव्हता, फेरीमागे पैसे आणि रात्रीचा भत्ता. गाडी उभी राहिली की त्याची चूल उभी राहते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

एक वाजेपर्यंत चर्चा चालली. पुरुषांची भाषा रजेची, पैशाची आणि कायद्याची. ताप आलेल्या मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "दिवसा चाक फुटलं तवा त्यानं गाडी सावरली. राती डोये लागले असते तं?" यावर कोणी काही बोलले नाही. मग ठरले ते असे: येण्यास चारच दिवस घ्यावयाचे, सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाही. दोघांच्या बुडणाऱ्या दिवसाची मजुरी चारही घरांनी वाटून सोसावयाची. ड्रायव्हरचा बुडणारा रात्रीचा भत्ता आपण द्यावयाचा. आणि मालकास फोन ड्रायव्हरने करावयाचा नाही, आम्ही करावयाचा.

तो फोन आम्ही केला. मालक जे बोलले ते या सभेत सांगण्याजोगे नाही. लग्नाची फेरी त्यांनी दुसऱ्यास दिली आणि पुढे तीन आठवडे आमच्या ड्रायव्हरास गाडी मिळाली नाही. हे आम्ही लपवीत नाही. युनियनने त्यास त्या आठवड्यांत जेवढी मदत करता आली तेवढी केली, ती पुरेशी नव्हती. तो आता दुसऱ्याकडे गाडी चालवितो. मागच्या दसऱ्यास तो कचेरीत सोने द्यायला आला, तेव्हा बरोबर आणखी चार ड्रायव्हर होते. प्रवासी गाड्यांच्या ड्रायव्हरांची संघटना व्हावी असे त्यांचे म्हणणे आहे. पाच माणसांनी संघटना होत नाही. पण आमच्याकडे एके काळी तीन होती.

राहिली ती खारपाणपट्ट्यातली बाई. परत आल्यावर तिने आपल्या मुलास आणि आमच्या धाकटीस माहेरी नेले आणि घराचे छप्पर दोरीने मोजून घेतले. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. वीस चौरस मीटर. साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला तर पंधरा हजार लिटर पाणी त्या टिनावर पडते. गळती, पहिल्या पावसाची घाण आणि उडालेले थेंब सोडले, तरी दहा-अकरा हजार हाती लागावे. पाच माणसांच्या पिण्यास आणि स्वयंपाकास दिवसाला तीस लिटर म्हटले, तर हे पाणी जवळजवळ वर्षभराचे. हा हिशेब मुलांनी वहीत मांडला, आम्ही फक्त तपासला. तिच्या भावाने प्रथम हसण्यावारी नेले. "वायवंटातून काय आणलं, तं खड्डा!" असे तो म्हणाला. पण या उन्हाळ्यात खड्डा खणला गेला. वसाहतीतल्या दोन गवंड्यांनी रविवारी जाऊन टाके बांधून दिले, आतून सिमेंटचा गिलावा, वर झाकण, टिनाच्या कडेला पन्हळ, पन्हळीच्या तोंडाशी जाळी. पहिले पाणी बाहेर सोडण्यासाठी एक तोटी ठेवली आहे. गेल्या रविवारी आम्ही पाहून आलो. गिलावा सुकत आहे, त्यावर रोज पाणी मारावे लागते, आणि ते पाणी अद्याप टँकरचे आहे. मृगाला अजून काही दिवस आहेत.